घोडा, यंत्र आणि तिजोरी : पैजेवरील कराची शंभर वर्षे

आमच्या आष्टीत (ता. परतूर, जि. जालना) घोड्यांची शर्यत कधी झाल्याचे जुन्या माणसांकडूनही मी ऐकलेले नाही. आमच्याकडे धावतात ते बैल, शंकरपटात. घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. तरीही घोड्याच्या पैजेवरचा कर हा विषय मी काही वर्षे धरून बसलो, त्याचे कारण गावातच आहे.

मागच्या वर्षी सोयाबीनचे पैसे हातात आले आणि ओळखीतल्या एका घरातल्या पोराने त्यातले बरेचसे फोनवरच्या पैजेत घालवले. बाप हॉटेलात चहा पिताना सांगत होता. शिव्या देऊन झाल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. "म्हणे सरकार यावर कर घेतं. मग तो कर जातो कुठं? पोरगं आमचं, पैसा आमच्या रानातला, अन् त्यातलं गावाला काय येतं?" हॉटेलातल्या कोणाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. त्याचा शोध घेताना शंभर वर्षे मागे जावे लागले, एका कायद्यापाशी आणि एका यंत्रापाशी.

१९२५ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने 'बॉम्बे बेटिंग टॅक्स अ‍ॅक्ट' संमत केला. त्या वर्षीचा तो सहावा कायदा. २०२५ साली त्याला शंभर वर्षे झाली आणि त्याच वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, घोड्याच्या पैजेवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. या दोन तारखांच्या मधली हकिगत सांगण्याचा हा प्रयत्न.

यंत्र काय करते?

घोड्यावर पैज लावायच्या दोन रीती आहेत. एक बुकीची. बुकी आधीच भाव सांगतो, 'अमुक घोड्याला एकास तीन', आणि तुमच्या विरुद्ध स्वतः उभा राहतो. तुम्ही जिंकलात तर त्याच्या खिशातून जाते, तुम्ही हरलात तर त्याच्या खिशात येते. दुसरी रीत सामाईक पेटीची. सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमा करायचे, शर्यत संपल्यावर ठरलेला हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत प्रमाणात वाटायची. पॅरिसच्या जोसेफ ओलेर याने १८६०च्या दशकात ही रीत चालू केली. इथे पैज लावणाऱ्याच्या समोर कोणी सावकार नसतो. पैज लागते ती लोकांची लोकांशी.

रीत सोपी, पण हिशेब किचकट. शर्यत सुटायच्या आधीच्या काही मिनिटांत हजारो तिकिटे विकली जातात. प्रत्येक घोड्यावर किती लागले, एकूण किती झाले, हे क्षणोक्षणी दाखवावे लागते. हे काम यंत्राने करण्याची युक्ती जॉर्ज ज्युलियस या अभियंत्याची. त्याने मुळात मते मोजण्याचे यंत्र आखले होते. सरकारने ते घेतले नाही, तेव्हा त्याने तेच डोके पैजेकडे वळवले. १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर त्याचे पहिले स्वयंचलित यंत्र बसले. तारा, साखळ्या आणि दंतचक्रे यांचा तो खोलीभर पसारा होता. तिकीट फाडले की खिडकीमागची तार ओढली जाई आणि वरच्या फलकावरचा आकडा पुढे सरके. त्याचे नाव टोटलायझेटर, रेसकोर्सवरच्या बोलीत 'टोट'.

एक लहान उदाहरण घेऊ. समजा, पाच घोडे धावत आहेत आणि पेटीत एकूण १,००,००० रुपये आले. पहिल्यावर ५०,०००, दुसऱ्यावर २५,०००, तिसऱ्यावर १५,०००, चौथ्यावर ८,००० आणि पाचव्यावर २,०००. क्लबचे कमिशन आणि सरकारचा कर मिळून २० टक्के कापले, म्हणजे ८०,००० उरले. दुसरा घोडा जिंकला तर ८०,००० भागिले २५,०००, म्हणजे रुपयाला ३ रुपये २० पैसे. दहा रुपयांच्या तिकिटाला ३२ रुपये. सगळ्यांचा लाडका पहिला घोडा जिंकला तर दहाला फक्त १६. कोणी विचारत नव्हते तो पाचवा जिंकला तर दहाला ४००.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, कोणताही घोडा जिंको, क्लबचे आणि सरकारचे वीस हजार ठरलेले असतात. पेटीजवळ बसलेल्याला घोड्याची काळजीच नाही. दुसरी गोष्ट अधिक कडवट आहे. कपात दर शर्यतीला होते. रेसकोर्सवर आलेल्या सगळ्या लोकांनी मिळून शंभर रुपये लावले आणि परत मिळालेले सगळे पुढच्या शर्यतीवर लावत गेले, तर शंभराचे ८०, ८० चे ६४, ६४ चे ५१ रुपये २० पैसे होतात. सहाव्या शर्यतीअखेर उरतात २६ रुपये. त्यात एखादा जिंकून घरी जातोही. पण तो जिंकतो ते शेजाऱ्याचे, सरकारचे किंवा क्लबचे नव्हे. दिवसाच्या शेवटी शर्यत पाहणारा समूह म्हणून हरलेलाच असतो.

बैलाची पैज आणि घोड्याची पैज

आता कायद्याकडे. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने पैज लावण्याला जुगारात धरले आणि त्यातून घोड्यांच्या शर्यतीवरील पैज अटींसह वगळली. शर्यतीच्या दिवशी, रेसकोर्सच्या नेमून दिलेल्या आवारात, परवानाधारक बुकीकडे किंवा टोटलायझेटरवर लावलेली पैज गुन्हा होत नाही. त्याच आवाराच्या भिंतीबाहेर, पानाच्या टपरीवर लावलेली तीच पैज गुन्हा होते. १९१२च्या रेसकोर्स परवाना कायद्याने शर्यतीच्या मैदानालाही परवान्याची चौकट घातली.

शंकरपटाला ही सवलत कधी मिळाली नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याची कायदा दुरुस्ती ग्राह्य धरली. शर्यत परत आली, पण तिच्यावर लावलेली पैज जुगारच राहिली. थोडक्यात, बैलावरची पैज पोलिसांच्या डायरीत जाते आणि घोड्यावरची पैज महसुलाच्या वहीत. हा भेद जनावराच्या गुणांवरून पडलेला नाही. तो शर्यत कोण भरवतो आणि पैज कोण मोजतो यावरून पडला आहे.

१९२५ चा कायदा

१९१९च्या सुधारणांनी प्रांतांकडे काही खाती सोपवली आणि काही कर स्वतःच्या अधिकारात बसवण्याची मुभा दिली. करमणूक आणि कायद्याने मान्य असलेली पैज हे त्यांतले दोन विषय. पैशाची ओढ सगळ्याच प्रांतांना होती. बंगालने १९२२ मध्ये करमणूक कराचा कायदा केला, मुंबईने १९२३ मध्ये करमणुकीवर शुल्क बसवले आणि १९२५ मध्ये पैजेवर कर बसवला.

मुंबईत शर्यती जुन्याच होत्या. आधी भायखळ्याला, मग १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर. पावसाळ्यात घोडे पुण्याला जात आणि नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा मुंबईला परतत. हा क्रम आजही तसाच आहे. दोन्ही मैदानांचा कारभार पाहणाऱ्या क्लबच्या नावात १९३५ साली 'रॉयल' शब्द लागला आणि तो 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' झाला.

या कायद्यात टोटलायझेटरची व्याख्या वाचण्यासारखी आहे. त्या नावाचे यंत्र तर त्यात येतेच, तशाच प्रकारचे दुसरे कोणतेही साधन येते आणि त्याच तत्त्वावर अनेक माणसांना एकमेकांशी पैज लावता येईल अशी कोणतीही योजनाही येते. म्हणजे तारा आणि दंतचक्रे नसली तरी चालेल. सामाईक पेटी असली की पुरे. कायदा लिहिणाऱ्याने यंत्राच्या सांगाड्यापेक्षा त्याच्या तत्त्वाला पकडले होते. ही दूरदृष्टी होती. नंतर यांत्रिक फलकाच्या जागी संगणक आले, पण सामाईक पेटीचे तत्त्व तेच राहिले.

कर दोन ठिकाणी बसला : टोटलायझेटरमध्ये जमणाऱ्या रकमेवर आणि बुकीकडे लागलेल्या पैजेवर. यांत सरकारचा जीव कोणात असणार, हे उघड आहे. बुकीची वही बुकीच्या काखेत असते. त्यात किती पैजा लिहिल्या आणि किती नुसत्या मान डोलावून घेतल्या, हे त्यालाच माहीत. टोटचा आकडा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फलकावर. तिथे कर चुकवायचा तर यंत्रच खोटे चालवावे लागेल, आणि मग डिव्हिडंडचा हिशेब चुकून प्रेक्षकच आरडाओरडा करतील. पैज लावणारा प्रत्येक माणूस नकळत सरकारचा तपासनीस होतो.

इंग्लंडने हा धडा पैसे मोजून घेतला. विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये तिथे पैजेवर कर बसला. तो मुख्यतः बुकींकडून वसूल करायचा होता. चुकवेगिरी इतकी झाली की थोड्याच वर्षांत तो गुंडाळावा लागला. दरम्यान १९२८च्या कायद्याने तिथल्या रेसकोर्सवर टोटला परवानगी मिळाली. फ्रान्स आणखी पुढे गेला होता. २ जून १८९१च्या कायद्याने तिथे बुकींना वगळून सामाईक पेटीलाच मान्यता दिली. कर बसवायचा तर आधी मोजता आले पाहिजे. इंग्रजाने घोडा आणला, पण कर आणला तो यंत्राने.

मोगलाईतला आष्टीकर

आमच्या भागाला १९२५ चा हा कायदा लागू नव्हता. आष्टी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जुन्या माणसांच्या भाषेत मोगलाईत. घोडा मात्र इथल्या इतिहासात परका नाही. जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या आणि त्यांत घोडदळ होते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो.

संस्थानातली शर्यत हैदराबाद शहरात होती. मलकपेटचे रेसकोर्स सहाव्या निजामाच्या काळातले. परतूरचे स्टेशन निजामाच्या रेल्वेवरचे : एका दिशेला मनमाडवरून मुंबई, दुसऱ्या दिशेला हैदराबाद. शर्यतीची दोन्ही मोठी शहरे एकाच रुळावर, मधे आपले गाव. आष्टीचा एखादा हौशी त्या गाडीत कधी चढला असेल का, ते कोणत्याही कागदात सापडणार नाही.

संस्थानातला पैजेचा कर आला तो फसली १३५८ मध्ये, 'हैदराबाद हॉर्स रेसिंग अँड बेटिंग टॅक्स रेग्युलेशन' या नावाने. फसली १३५८ म्हणजे इसवी १९४८-४९. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाची सत्ता संपली होती आणि कारभार लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्याकडे होता. मुक्त झालेल्या मराठवाड्याला रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी सगळेच हवे होते. त्याच वेळी राजधानीतल्या घोड्यांच्या पैजेवर कर बसला. त्यातला पैसा मराठवाड्यासाठी वेगळा काढावा अशी योजना कायद्यात नव्हती. तो एकाच तिजोरीचा होता. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मलकपेट आंध्र प्रदेशात राहिले. ते रेग्युलेशन पुढे आंध्रच्या तेलंगण भागापुरते चालू राहिले. आमच्या वाट्याला मग १९२५ चा मुंबईचा कायदा आणि १९६० नंतर महाराष्ट्राची तिजोरी आली.

गावाचा वाटा

आता हॉटेलातल्या प्रश्नाकडे येऊ. गावाला काय येते?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत, दोन्ही राज्यसूचीतल्या. ३४वी नोंद 'पैज आणि जुगार', म्हणजे त्याला मान्यता द्यायची की बंदी घालायची. ६२वी नोंद चैनीच्या गोष्टींवरील कराची. तिच्यात करमणूक, पैज आणि जुगार यांवरचे कर येत. दोन्ही अधिकार राज्याचे. महापालिका किंवा ग्रामपंचायत यांना पैजेवर कर बसवण्याचा अधिकार या नोंदींतून थेट मिळालेला नव्हता.

ग्रामपंचायतीकडे काय आहे? १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४व्या कलमात तिच्या करांची यादी आहे. घरे आणि जमिनी, जत्रा व करमणूक, बाजार आणि आठवडी बाजाराची फी, बाजारात विकल्या जाणाऱ्या जनावरांच्या नोंदणीची फी अशी ती यादी आहे. त्यामुळे गंमत अशी होते की जनावर गावच्या बाजारात विकले गेले तर गावाला चार पैसे मिळतात, पण रेसकोर्सवर धावणाऱ्या जनावरावर गावातल्या माणसाने हजारो लावले तर गावाला दमडी नाही.

मुंबई महापालिकेचीही स्थिती फार निराळी नव्हती. महालक्ष्मीच्या मैदानाची जमीन काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. १९१४ साली दिलेला ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. मग अनेक वर्षे वाद चालून २०२४ मध्ये सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे असा तोडगा निघाला. या सगळ्या वादात महापालिका बोलत होती ती जमीनमालक म्हणून, भाडे आणि मोकळी जागा मागत. मैदानावर लागणाऱ्या पैजेच्या करावर तिचा हक्क नव्हताच.

दुसरीकडे असे नाही. फ्रान्सच्या १८९१च्या कायद्यात सामाईक पेटीतून होणाऱ्या कपातीचा एक भाग स्थानिक धर्मादाय कामांसाठी आणि एक भाग घोड्यांच्या पैदाशीसाठी राखला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात खेड्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनांची भर पडली. पॅरिसच्या मैदानावर हरलेल्या पैशातून कुठल्याशा खेड्यात नळ आला. अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत एक नवे यंत्र आले आहे. पूर्वी झालेल्या शर्यतींची नावे झाकून त्यांच्यावर पैज घेणारे. दिसायला ते जुगाराच्या यंत्रासारखे, पण कायद्यात शर्यतीच्या सामाईक पेटीची चौकट सांगणारे. २००० साली आर्कान्सामधल्या ओकलॉन रेसकोर्सवर ते सुरू झाले. २०२० मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकारच्या यंत्राबाबत ही खरी सामाईक पेटी नव्हे असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने व्याख्याच रुंद केली. तिथल्या काही राज्यांत यंत्र ज्या गावात किंवा कौंटीत बसवले, तिला त्या पैजेतला ठरलेला हिस्सा मिळतो. वर्दळ, पोलीस, रस्ते आणि बुडालेली घरे यांचा भार स्थानिकांवर पडतो, असा त्यामागचा विचार.

महाराष्ट्राला असा विचार अनोळखी आहे असे मुळीच नाही. १९७२च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून कापलेला पैसा दुष्काळी भागातल्या नाला बंडिंगवर गेला. ते आमच्या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे कर एका ठिकाणी आणि त्याचे काम दुसऱ्या ठिकाणी असे नाते कायद्याने बांधता येते. पैजेच्या कराच्या बाबतीत फ्रान्सने बांधले तसे नाते १९२५च्या कायद्याने बांधले नाही.

२०१७ नंतर

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधीच्या १०१व्या घटनादुरुस्तीने ६२वी नोंद बदलली. आता तिच्यात उरले आहेत करमणुकीवरचे कर, तेही पंचायत, नगरपालिका अशा स्थानिक संस्था घेतील तेवढेच. 'पैज आणि जुगार' हे शब्द त्या नोंदीतून गेले. योगायोग पाहा : राज्यघटनेने स्थानिक संस्थेचे नाव या नोंदीत पहिल्यांदा घातले आणि त्याच दुरुस्तीत पैज बाहेर काढली. १९२५च्या कायद्याखालचा कर जीएसटीत सामावला गेला.

मग वाद पेटला तो कर कशावर, यावर. क्लबांचे म्हणणे होते की टोटच्या पेटीतले पैसे आमचे नव्हेत. आम्ही ते काही मिनिटे सांभाळतो आणि जिंकणाऱ्यांना वाटतो. आमची कमाई म्हणजे कमिशन, कर त्यावर घ्या. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ३१-अ या नियमाने उलट सांगितले : पैजेची किंवा टोटमध्ये भरलेली संपूर्ण रक्कम हेच करपात्र मूल्य.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. समजा, शंभर रुपयांच्या पैजेवर क्लबचे कमिशन आठ रुपये आहे. कमिशनवर २८ टक्के म्हणजे २ रुपये २४ पैसे. पूर्ण रकमेवर २८ टक्के म्हणजे २८ रुपये. साडेबारा पट. आता ४० टक्क्यांनी हाच आकडा ४० रुपये होतो. शिवाय जो जिंकतो त्याला आयकर वेगळा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, दहा हजारांच्या वर गेले तर जागेवरच कपात, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

२ जून २०२१ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने बंगळुरूच्या क्लबच्या याचिकेवर क्लबांच्या बाजूने निकाल दिला. टोटच्या पेटीत क्लब विश्वस्तासारखा असतो, पैजेचा पक्ष नसतो, म्हणून कर कमिशनवरच, असे न्यायालय म्हणाले. यंत्राचे १८६०च्या दशकातले मूळ तत्त्व, 'लोकांची पैज लोकांशी', हेच त्या युक्तिवादाचे मर्म होते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने घोड्यांची शर्यत, कॅसिनो, लॉटरी, जुगार आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांना एकाच यादीत घालून केंद्राने आपली बाजू पक्की केली.

या यादीत आणखी एक विसंगती दडली आहे. १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कूळ, वजन, जॉकी, मैदान यांचा अभ्यास करणाऱ्याला त्यात वाव असतो. फौजदारी कायद्यापुरता हा भेद आजही मोलाचा आहे. कराच्या यादीत मात्र अभ्यास करून लावलेली पैज आणि डोळे मिटून काढलेली लॉटरी एकाच रांगेत बसतात.

इतका जबर कर चांगला की वाईट? व्यसनावर कर हवाच, असे वाटणारा मी माणूस आहे. पण टोटचा इतिहास एक सावधगिरी शिकवतो. मोजल्या जाणाऱ्या पैजेवर कर फार चढला की पैज थांबत नाही, ती न मोजल्या जाणाऱ्या जागी जाते. पेटीतून एवढी रक्कम कापली जाऊ लागली की टपरीवरचा किंवा फोनवरचा बुकी 'आमच्याकडे कर नाही' एवढ्या एका वाक्यावर गिऱ्हाईक ओढतो. चर्चिलच्या काळी झाले ते हेच.

पैज नेमकी कुठे लागते?

शेवटचा मुद्दा जागेचा. रेसकोर्सवरची पैज रेसकोर्सवरच लागत असे. फोनवरची पैज कुठे लागते? आष्टीत, की जिथे ती घेणाऱ्याचा संगणक आहे तिथे?

प्रश्न नवा वाटतो, पण मुंबई राज्याला तो सत्तर वर्षांपूर्वी पडला होता. बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा येत. मुंबई राज्यातले हजारो वाचक पैसे भरून त्यात भाग घेत. १९४८ च्या लॉटरी व बक्षीस स्पर्धा कायद्यात दुरुस्ती करून मुंबईने त्यावर कर मागितला. चालकांचे म्हणणे, आम्ही परराज्यात, तुमचा संबंध काय? चमारबागवाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाजूने कौल दिला. पत्र मुंबईत खपते, पैसे मुंबईत गोळा होतात, लोक मुंबई राज्यातले, एवढा संबंध कर बसवायला पुरेसा आहे. न्यायालयाने असेही म्हटले की जुगार हा संरक्षण मागण्याजोगा व्यापार नव्हे.

त्या निकालाचा साधा अर्थ असा की माणूस जिथून पैसे लावतो, ती जागा कायद्याला दिसते. ती राज्यापर्यंत दिसली. गावापर्यंत कोणी पाहिले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे आमच्या पोराचा खेळ आता कराच्या वहीतून निघून बंदीच्या वहीत गेला. कायदेशीर घोड्याची पैज कराच्या वहीत राहिली. त्या करातला राज्याचा हिस्सा राज्याच्या एकत्रित निधीत जातो.

तिथून गावापर्यंत यायची एक वाट घटनेत आधीच आखलेली आहे. तो अनुच्छेद पंचायतींसाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचा. राज्याच्या करांतला कोणता वाटा पंचायतींना द्यावा, हे त्या आयोगाने सुचवायचे असते. पैजेच्या कराचा राज्याकडे येणारा भाग वेगळा दाखवावा आणि त्यातला ठरावीक हिस्सा ग्रामीण भागातल्या व्यसनमुक्तीच्या आणि कर्जात बुडालेल्या घरांच्या समुपदेशनाच्या कामाला बांधावा, एवढी मागणी कोणत्याही ग्रामसभेला ठरावाने करता येईल. त्यासाठी नवा कर नको, नवे यंत्र नको. रोजगार हमीच्या वेळी राज्याने जे केले तेच करायचे.

त्या बापाला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "म्हणजे शंभर वर्षं झाली, यंत्र पैसे बरोबर मोजतंय. पण वाटताना गाव मोजलं नाही कोणी." मग त्याने चहाचे पैसे दिले आणि तो उठला. त्याला रानात जायचे होते, हरभरा पेरायचा होता.